नवं इंजिन अडतं तेव्हा

नवं कोरं मॉडेल इंजिन वीतभर धावून अडलं, की पहिला संशय मोटरवर जातो. मला तो अन्याय वाटतो. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराच्या इंजिनाला साधारण १२ व्होल्टपर्यंतची वीज रुळांतून चाकांना आणि चाकांना टेकलेल्या पातळ पट्ट्यांमधून मोटरला मिळते. या वाटेत कुठे ओशटपणा आला किंवा पट्टी चाकापासून केसभर सुटली, की धडधाकट मोटरही आचके देते. म्हणून झाकण उघडण्याआधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. फडक्यावर उमटणारी काळी रेघ बरंच काही सांगून जाते.

कुणी म्हणेल, त्याच रुळांवर जुनं इंजिन सुरळीत धावतं, मग रुळांचा काय दोष? हा पुरावा वाटतो तेवढा पक्का नाही. जुनं आठ चाकांतून वीज घेत असेल आणि नवं चारच. त्यातही पकडीसाठी रबरी धाव चढवलेली चाकं वीज घेतच नाहीत. असं आखूड इंजिन सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर हटकून थांबतं. अडण्याची जागा तीच राहिली तर आधी रूळ तपासावा, बदलत राहिली तर इंजिन. ‘नव्या वस्तूची एवढी उस्तवार कशाला, परत करावी’ हा आक्षेप रास्तच आहे. पैसे पूर्ण मोजलेले असतात. पण इंजिन उलटं धरून कंट्रोलरच्या दोन तारा थेट चाकांना लावून पाहायला फारसा वेळ लागत नाही. तेव्हाही ते कुरकुरलं तर दोष बहुधा आतला. मग स्क्रूला हात न लावता, वॉरंटी शाबूत ठेवून, ते खुशाल दुकानात परत द्यावं.