श्वासाला गुण देऊ नकोस

चि. सानिकास,


तुझ्या ध्यानाच्या व्हीआर प्रोग्रॅमचा आराखडा वाचला. समोर तळं, श्वास संथ झाला की कमळ उमलतं आणि कोपऱ्यात गुण वाढतात. तळं छान आहे. कमळाचं आणि गुणांचं मात्र पटलं नाही.

श्वासावर दृश्य चालवणं जुनंच आहे. कॅनडाच्या कलाकार चार डेव्हिस यांनी १९९५ साली ‘ऑस्मोज’ हे व्हीआर दृश्य केलं, तेव्हा पाहणाऱ्याच्या हातात काहीच दिलं नव्हतं. छातीला पट्टा बांधायचा. श्वास घेतला की माणूस दृश्यात वर तरंगे, सोडला की खाली उतरे. स्कूबा डायव्हिंग करताना त्यांना हे सुचलं होतं. बटणं नसल्यानं लक्ष आपसूक शरीराकडे वळे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ या व्हीआर प्रोग्रॅमला परवानगी दिली. त्यात ५६ सत्रं आहेत, प्रत्येक २ ते १६ मिनिटांचं. तिथे खोल श्वास शिकवतात, कारण दुखणं हलकं करायचं असतं. श्वासाला वळण लावणं तिथे योग्यच.

तू मात्र ध्यान शिकवायला निघाली आहेस. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस श्वास फक्त पाहायचा असतो. आखूड असो, अडखळता असो, बदलायचा नाही. तुझ्या तळ्याकाठी बसलेला माणूस मात्र कमळासाठी श्वास ओढत बसेल. अस्वस्थ माणसाचं कमळ उमललंच नाही, तर तो आणखी खट्टू होईल.

म्हणून कमळाऐवजी पाण्यावर तरंग ठेव. लांब श्वासाला लांब, आखुडाला आखूड. चांगला-वाईट कुठलाच नाही. मग आठवड्यागणिक तरंग फिके करत ने. शेवटच्या सत्रांत तळं निश्चल, आणि श्वासाची जाणीव ज्याची त्याला. आणखी एक: दृश्य आपोआप सरकवू नकोस. डोळ्यांना हालचाल दिसते, आतल्या कानाला जाणवत नाही, आणि मळमळायला लागतं.

तुझे साहेब विचारतीलच, “लोकांना हेडसेटशिवाय जमायला लागलं तर वर्गणी कोण भरणार?” तो प्रश्न बैठकीत तूच आधी काढ. प्रोग्रॅम लोकांना शिकवायला आहे की अडकवून ठेवायला, हे ठरल्याशिवाय पुढचं एकही दृश्य रंगवू नकोस.

तुझी,
आत्या