अंगठ्याएवढी खळगी

बाहेर जंगली महाराज रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ, आणि आत बालगंधर्व कलादालनात लांब टेबलांवर नुसती माती. भट्टीतून निघालेली: वाडगे, बरण्या, पणत्या, कानाचे आणि बिनकानाचे कप.

माझ्या आजीनं न वाजवता कधी माठ घेतला नाही. बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायची. बद्द आवाज आला की माठ परत. इथे ९०० रुपयांची चिठ्ठी लावलेला कप वाजवावा की नाही, या संकोचात मी उभी होते, तर टेबलामागची मुलगीच म्हणाली, "वाजवा ना काकू." टिचकीसरशी घंटेसारखा स्वच्छ नाद उठला. स्टोनवेअर ते, १२०० अंशांच्या पुढे भाजलेलं. त्या आचेत मातीची भोकं मिटतात. आजीचा माठ कमी आचेचा, म्हणून पाझरायचा आणि पाणी गार ठेवायचा.

कप तांबडा, पण काठाशी हिरवट झाक. "झिलईत तांबं आहे," ती म्हणाली. "भट्टीत हवा कमी पडली की लाल येतो, हवा मिळाली की हिरवा. इथे कुठून तरी वारा शिरला. परत असा करायचा म्हटलं तर जमणार नाही मला." मला तो वाऱ्याचा हिरवा फार आवडला.

कपाच्या अंगावर एक खळगी होती, ओल्या मातीवर अंगठा दाबल्याची. मी माझा अंगठा ठेवून पाहिला, बसेना. तिच्या हाताकडे पाहिलं, तर तिचा अंगठा माझ्याहून रुंद! ती हसली. माती वाळताना आक्रसते, भाजताना आणखी. सगळं मिळून दहा-बारा टक्के. म्हणून चाकावर प्रत्येक कप हवा त्याहून मोठा घडवायचा, काही आठवड्यांनी उरणारा कप डोळ्यांपुढे ठेवून. घासाघिशीचा विचार मी तिथेच सोडला. असल्या नजरेचा भाव पाडायचा तरी कसा?

वर्तमानपत्रात गुंडाळताना ती म्हणाली, "शोकेसमध्ये नका ठेवू हं, चहा प्या यात."

आमच्याकडे चांगले कप पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात असतात. हा मात्र ओट्यावर असतो. कान नाही, म्हणून चहा जरा निवला की दोन्ही हातांत धरते. अंगठा आपसूक त्या खळगीकडे जातो आणि कडेवर अडतो.