मूद, मुटका आणि पिंड

भाताला आकार देण्याची रीत आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. सणाच्या ताटात वाटीने पाडलेली मूद असते. तिच्या माथ्यावर पिवळे वरण आणि वरणावर तुपाची धार. ही मूद पहिल्याच घासाला मोडते आणि ती मोडावी अशीच अपेक्षा असते. दिल्लीत चाळीस वर्षे काढल्यावर मात्र ध्यानात येते की, आपण गृहीत धरलेल्या एका गुणावर ती उभी असते. तो गुण म्हणजे तांदळाचा चिकटपणा.

उत्तरेत भाताची कसोटी नेमकी उलटी आहे. इथे शीत शिताला लागता कामा नये. दिल्लीतल्याच पुसा संस्थेने १९८९ साली ‘पुसा बासमती १’ हे वाण प्रसारित केले. त्यामागे हीच अभिरुची होती. बासमतीच्या पिष्टात अमायलोजचे प्रमाण अधिक असते, म्हणून शिजल्यावरही त्याचे दाणे सुटे राहतात. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी यांची प्रकृती वेगळी. त्यांचा भात मऊ, एकमेकांना धरून राहणारा. पाहुण्यांपुढे आपण बासमती मांडतो. ताप आला की मन मात्र आसट भाताकडेच जाते.

हे सारे मनात येण्याचे निमित्त झाली माझी नात. ती जपानी भाषा शिकते. गुडगावात जपानी कुटुंबांची वस्ती वाढली आहे. तिथल्या एका मैत्रिणीच्या घरी तिने ‘ओनिगिरी’ खाल्ली आणि ती आपल्या स्वयंपाकघरात करावयाची असे तिच्या मनाने घेतले. ओनिगिरी म्हणजे आत सारण घातलेला भाताचा गोळा. बहुधा तिकोनी, बुडाशी वाळवलेल्या समुद्रशैवालाचा, म्हणजे नोरीचा, काळसर पापुद्रा. मला प्रथम शब्दाचेच कुतूहल वाटले. ‘निगिरू’ म्हणजे मुठीत धरणे. आपला ‘मुटका’ मुठीपासूनच आला. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकाच कृतीवरून एकाच जातीच्या पदार्थांना नावे द्यावीत, याचा आनंद शब्दांत आयुष्य घालवलेल्या माणसालाच कळेल. याच पदार्थाचे दुसरे नाव ‘ओमुसुबी’. ‘मुसुबू’ म्हणजे बांधणे, जोडणे.

कृती सोपी दिसते, पण तिला शिस्त आहे. पुण्याहून आलेला इंद्रायणी पाणी निवळेपर्यंत धुवावा, अर्धा तास भिजवावा, वाटीला दीड वाटीच्या आसपास पाणी घालून शिजवावा आणि झाकण न काढता दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावा. सुशीच्या भातात शिर्का असतो, यात नसतो. तळहात पाण्याने ओले करावेत, त्यांवर मीठ चोळावे आणि भात गरम असतानाच हाती घ्यावा. मधोमध खळगा करून सारण ठेवावे, वरून भात ओढून घ्यावा आणि हातात फिरवीत तीन-चार वेळा दाबावे. हा दाब हेच खरे कौशल्य. कमी पडला तर गोळा उचलताच विस्कटतो. जास्त झाला तर त्याचा दगड होतो आणि दाण्यादाण्यांमधली हवा जाते. दाणा दाण्याला धरून राहावा, पण दाणा म्हणून उरावा.

सारणाला जपानात उमेबोशी घालतात. जर्दाळूच्या जातीतले हे आंबट फळ मिठात मुरवून वाळवलेले असते. त्याच्या खारट-आंबटपणामुळे भात लवकर बिघडत नाही, अशी त्यांची जुनी समजूत. आमच्या घरी त्याची जागा मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याने घेतली.

पण लोणच्याची बरणी उघडण्याआधी एक अडचण उभी राहिली. नातीने पहिले तीन गोळे ताटात ओळीने मांडले आणि माझ्या पत्नीचा चेहरा उतरला. “अहो, भाताचे असे गोळे घरात वळतात का?” एवढेच ती म्हणाली. नातीला अर्थ कळेना. मला कळला. आईच्या दहाव्याला नाशिकला रामकुंडावर मी भाताचे पिंड वळले होते. काळे तीळ मिसळलेला तो भात आजही माझ्या तळहाताला आठवतो. त्याच आईने लहानपणी चिऊचा, काऊचा म्हणून भाताचे घास वळून मला भरवले होते. पहिल्या खेपेला काऊ नावापुरता होता. दुसऱ्या खेपेला त्याची खरोखर वाट पाहावी लागली. आपल्या संस्कृतीने हाताने वळलेल्या भाताचे दोनच धनी मानले : बोलू न लागलेले मूल आणि बोलणे संपलेला माणूस. मधल्या सगळ्या आयुष्यात माणसाने आपला घास आपणच कालवून घ्यावा.

जपानी माणसाने तो मधल्या आयुष्यालाही दिला. प्रवासाला निघालेला, शेतावर गेलेला, शाळेत बसलेला : प्रत्येकाच्या शिदोरीत दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी दाबलेला भात असतो. १९८७ साली इशिकावा प्रांतातल्या उत्खननात यायोई काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी बाहेर पडला तो त्याच वर्षी. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो सुखावतो. पुढे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहर भूकंपाने कोसळले. सहा हजार चारशेंहून अधिक माणसे गेली. तेव्हा वाचलेल्यांच्या हाती लोकांनी दिले ते हेच गोळे. त्या मदतीची आठवण म्हणून २००० सालापासून १७ जानेवारी हा तिथे ‘ओमुसुबीचा दिवस’ मानला जातो. मृत्यूच्या एवढ्या सान्निध्यातही तो भात उरलेल्यांसाठी होता.

हे मी पत्नीला सांगितले. तिने वाद घातला नाही. मान्यही केले नाही. गोल मात्र वळू नका, तिकोनीच करा, असे म्हणून तिने लोणच्याची बरणी पुढे सरकवली. परंपरा बदलते ती बहुधा अशीच : सिद्धान्त न सोडता, आकारात थोडी सवलत देऊन.

नात पुढल्या वर्षी क्योतोला शिकायला जाईल. तिच्या डब्याची काळजी तिची आजी आतापासूनच करू लागली आहे. ओनिगिरी फार टिकत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात ती काही तासांत खावी लागते आणि शीतकपाटात ठेवली तर भात कडक होतो. ज्याच्यासाठी वळायची, तो जवळपास असावा लागतो. म्हणून सध्या रविवारी सकाळी इंद्रायणी भिजत पडतो आणि दोन म्हातारे हात मीठ लावून भाताची वाट पाहतात.