मार्चिंग आऊट

फौजीच्या मुलाला “तुझं गाव कोणतं?” असं विचारलं की तो क्षणभर गप्प होतो. फॉर्मवर मी सातारा जिल्हा लिहितो, पण मनात येतं ते महू. मध्य प्रदेशात इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर हे छावणीचं गाव आहे. बाबांची तिथे बदली झाली तेव्हा मी दुसरीत होतो. पाचवी संपल्यावर बाबा फील्डला गेले, आई गावी गेली आणि मी या शाळेत आलो. त्यानंतर आम्ही तिघं एका घरात असे कधी राहिलोच नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, साडेसहा वर्षांनी, बाबांबरोबर मी पुन्हा महूला गेलो.

महू सोडताना मी बाबांवर रागावलो होतो. आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या चौकटीवर आई माझ्या प्रत्येक वाढदिवसाला बॉलपेनने दाबून रेघ ओढायची आणि पुढे तारीख लिहायची. अशा चार रेघा झाल्या होत्या. क्वार्टर सोडताना ‘मार्चिंग आऊट’ असतं. पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा, सगळं यादीप्रमाणे तपासून परत द्यायचं. काही मोडलं असेल तर भरपाई भरायची. आदल्या रात्री बाबांनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. “घेतलं तसं परत द्यायचं,” एवढंच म्हणाले. मी रडत रडत रेघा घासल्या आणि दुसऱ्या दिवशी इंदूर येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

आता स्टेशनवर उतरलो. पाटीवर ‘डॉ. आंबेडकर नगर’ आहे. गावाचं नाव २००३ मध्ये बदललं, तरी रिक्षावाला अजून “महू” असंच म्हणतो. ज्या छोट्या गाडीने आम्ही ओंकारेश्वरला जायचो, तो मीटरगेज मार्ग आता ब्रॉडगेजसाठी बंद झाला आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी ज्या मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, तोच हा मार्ग. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या घाटातच हेरिटेज गाडी उरली आहे. मेन स्ट्रीटवर मात्र पोहे-जिलबीची चव तीच होती. बाबांनी न विचारता माझ्यासाठी दुसरी प्लेट मागवली.

मग काली पलटणमधल्या भीम जन्मभूमी स्मारकात गेलो. १४ एप्रिलला इथे महाराष्ट्रातून खूप लोक येतात. त्या दिवशी आई मला मुद्दाम घेऊन जायची; “चल, आज रस्त्यावर मराठी ऐकू,” म्हणायची. तेव्हा मला फक्त गर्दी दिसायची. या वेळी जाणवलं, १८९१ मध्ये इथे जन्मलेलं ते बाळही एका फौजीचंच होतं. सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत शिकवत. ते निवृत्त झाले आणि त्यांचं कुटुंब महू सोडून गेलं. भीमराव तेव्हा इतके लहान होते, की त्यांना महू आठवणंही अवघड. पण महूने त्यांना धरून ठेवलं आहे.

शेवटी क्वार्टर. पूर्वी मी गेटवरच्या संतरीला सॅल्यूट ठोकायचो आणि तो हसायचा. आताच्या संतरीने बाबांचं माजी सैनिकाचं कार्ड पाहिलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. बाबा नकळत ताठ उभे राहिले होते. आमच्या दारात एक लहान सायकल होती. घरातल्या काकूंनी “आइए, चाय पीजिए” म्हणत आत बोलावलं. चौकटीला नवा रंग होता. मी हात फिरवला, काहीच लागलं नाही.

बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चौकटीवर एका जागी अंगठा टेकवला. ती जागा आता माझ्या छातीशी येते.

“शेवटची रेघ इथे होती,” ते म्हणाले. “तू फार जोरात घासलंस, खड्डा पडला होता. तू झोपल्यावर मी पुट्टी भरली.”

मला वाटायचं, त्या रेघा फक्त माझ्या आणि आईच्या होत्या.

परतताना मी विचारलं, “बाबा, अशी किती क्वार्टरं परत केलीत?” त्यांनी बोटं मोजली. “नऊ,” म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. इंदूरपर्यंत आम्ही या वेळीही फारसं बोललो नाही, पण राग नव्हता.

येत्या मार्चमध्ये मी ही शाळा सोडेन. माझ्या लॉकरच्या दाराच्या आत नाव कोरायचं मी सहावीपासून ठरवलं होतं. आता कोरणार नाही. लॉकर पुसून, किल्ली हाऊसमास्टर सरांच्या हातात देईन. सहावीतला कोणी नवा मुलगा तो उघडेल, तेव्हा तो त्याचाच असेल.

– एक कॅडेट, इयत्ता १२ वी