तिथीचा प्रश्न

घरातील मनुष्य गेला की रडण्याचा पहिला भर ओसरण्यापूर्वीच कोणी वडीलधारे विचारतात, "केव्हा न्यावयाचे?" या घाईत निर्दयता नसते. दिवस मावळण्यापूर्वी अग्निसंस्कार व्हावा, घरातल्या लेकरांच्या पोटात दोन घास जावेत, या काळजीतून ती आलेली असते. परंतु याच घाईखाली एक प्रश्न पुष्कळदा दबून जातो : मनुष्य गेला, तो कशाने? त्या प्रश्नाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण गेली दोन वर्षे तो आमच्या घरी मुक्कामाला आहे.

आमचे घर ग्वाल्हेरास, लष्करातील शिंदे की छावनी या वस्तीत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उठले आणि शहराला 'लष्कर' हे नाव कायमचे चिकटले. कोकण-गोमंतकातील वाचकांस हा मुलूख अगदीच परका वाटावयास नको. शिंद्यांच्या दौलतीतील जिवबादादा बक्षी केरकर आणि लखबादादा लाड ही माणसे मूळ आपल्याच बाजूची. आता आमच्या गल्लीत मराठी घरे थोडी उरली आहेत. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकताच हिंदी, असा आमचा संसार आहे.

आमची माईमावशी एकाहत्तर वर्षांची विधवा. मूलबाळ नाही. जुन्या वाड्याच्या मागल्या दोन खोल्यांत ती एकटी राहत असे. मधुमेह होता, परंतु स्वतःचा स्वयंपाक आणि देवपूजा कधी चुकली नाही. भाद्रपद शुद्ध पक्षातील एके सकाळी दूधवाल्याने हाक मारली, ती आली नाही. दार नुसते लोटलेले होते. मावशी खाटेजवळ जमिनीवर पडलेली होती. उजव्या हातात पाटली होती; डाव्या हातातील नव्हती. मानेच्या एका बाजूस काळसर डाग दिसत होता. बोलावलेल्या डॉक्टरांनी दारातूनच पाहून सांगितले, "वय झाले होते. हृदय बंद पडले असेल." दहा वाजेपर्यंत अंगणात बांबू आणि सुतळी येऊन पडली.

मी म्हणालो, "पोलिसांस कळवू या." अंगणातील बोलणे थांबले. एक वृद्ध काका पुढे होऊन म्हणाले, "अरे, जिने जन्मभर सोवळे पाळले तिचे शव चिरू देणार तू? आणि घराण्याचे नाव ठाण्याच्या वहीत?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचे मावशीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

कोंडी फोडली ती आमच्या वृद्ध गुरुजींनी. पंचांग मिटून ते हलक्या स्वरात म्हणाले, "मलाही विचारणे भाग आहे. मरण स्वाभाविक, की दुर्मरण? दुर्मरण असेल तर नारायणबली करावा लागेल. ते समजल्यावाचून पुढचे कर्म मी कसे सांगू?" काका खाली बसले. मी ठाण्याकडे निघालो.

गुरुजींचे ते वाक्य पुढे अनेक रात्री माझ्या मनात घोळले. आपण समजतो की मृत्यूचे कारण विचारणे हा सरकारी उपद्व्याप आहे, धर्माला त्याचे काय! परंतु आपले शास्त्र हा प्रश्न आधीपासूनच विचारीत आले आहे. पितृपक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचा महालय. परंतु शस्त्राने वा घाताने मेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. पंचांगात त्या दिवसापुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे छापलेले प्रत्येकाने वाचले असेल. म्हणजे मेलेला मनुष्य कसा मेला, हे जाणून घेणे पिंड देणाऱ्याचे कर्तव्य मानलेले आहे. जे पुरोहिताने विचारावे, ते शिपायाने विचारू नये, यात धर्म कसला?

ठाण्यात नोंद झाली. आमच्या मध्यप्रदेशात अशा नोंदीला 'मर्ग' म्हणतात. महाराष्ट्रात जिला 'अकस्मात मृत्यू' म्हणतात तीच ही. पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवून व्हिसेरा तपासणीस गेला. सायंकाळी उशिरा अग्नी दिला. पुढे मात्र जे सुरू झाले त्याला तपास म्हणणे कठीण. महिन्यातून दोनदा मी ठाण्याची पायरी चढत असे आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच : "रिपोर्ट आने दीजिए, बाबूजी." पाटलीचे विचारले तेव्हा, "दूसरी पाटली थी, इसका सबूत?" आम्ही भाचीच्या लग्नातील छायाचित्र नेऊन दिले, त्यात मावशीच्या दोन्ही हातांत पाटल्या स्पष्ट दिसत होत्या. ते कागद फायलीत गेले, आणि फाईल कपाटात.

वस्तीतही हवा बदलली. "यांना वाड्याचा वाटा हवा असेल" असे कोणी बोलले. खरे पाहता, आम्ही अर्जात कोणाचेही नाव घातलेले नव्हते. ती कशी गेली एवढेच विचारले होते. आठ महिन्यांनी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज रजिस्टर टपालाने पाठविला. तोही निरुत्तर राहिला, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांच्या आदेशाने गुन्हा नोंदला गेला. तपास चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अशा वेळी मला पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांची आठवण होते. त्याही विधवा, मधुमेही आणि पैशाने सुस्थितीतल्या. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्यांचे वैद्य डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना मुंबईस दाखवावयाचे म्हणून गाडीने घेऊन निघाले. १३ तारखेच्या पहाटे बाई बेशुद्ध स्थितीत जी. टी. रुग्णालयात पोचल्या आणि दुपारपूर्वीच वारल्या. तेथे त्यांचे नाव 'इंदुमती पौनशे' असे लिहविले होते. कारण लिहिले गेले मधुमेहाची मूर्च्छा. शव बेवारस पडून राहिले, आणि शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी. इकडे पुण्यात नातलगांच्या हाती बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली : आपण यात्रेस गेलो, जयपूरकडे दुसरे लग्न करून सुखात आहोत. तोवर बाईंचा पैसा आणि शेअर डॉक्टरांच्या हाती जात होते. जवळच्या माणसांचे त्या पत्रांनी समाधान होईना. मृत्यूस वर्ष उलटून गेल्यावर त्यांच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या, आणि मग 'पौनशे' व कर्वे या एकच हे उघड झाले.

शवात विष सापडले नव्हते. तरीही परिस्थितीच्या साखळीवरून खून शाबीत धरून १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम केली. तीन न्यायमूर्तींपैकी एकाचे मत मात्र विरुद्ध पडले. आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही, असे त्यांनी लिहिले. या खटल्याचे दोन्ही धडे घ्यावेत असे मला वाटते. नातलगांनी विचारले नसते, तर लक्ष्मीबाई कागदोपत्री जयपुरास नांदतच राहिल्या असत्या. आणि विचारण्यास जितका उशीर होतो, तितके सत्य धूसर होते. इतके की तीन जाणत्या न्यायाधीशांतही एकमत होत नाही.

त्या काळच्या मानाने आज कायदा नातलगांस अधिक अनुकूल आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदणे पोलिसांस बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात दिला. काही प्रकारांत प्राथमिक चौकशीची मुभा तेवढी ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत संशयास्पद मृत्यूची चौकशी कलम १९४ खाली होते. ठाण्याने तक्रार नाकारली तर कलम १७३ प्रमाणे अधीक्षकांकडे, आणि तेथेही दाद न लागल्यास कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. लग्नास सात वर्षे होण्यापूर्वी स्त्री वारली आणि तिच्या नातलगाने मागणी केली, तर शवविच्छेदन करविलेच पाहिजे, ही तरतूद १९८३ पासून आहे. लेकी सासरी पाठविणाऱ्या प्रत्येक घराने ती लक्षात ठेवावी.

परंतु कायदा आपण होऊन अंगणात येत नाही. त्याला पहिल्या दिवशी, शव घरात असताना, बोलवावे लागते. एकदा चिता पेटली की देहाने दिली असती ती साक्ष संपली. म्हणून संशय असेल तर तोंडी सांगून थांबू नये. लिहून द्यावे, पोच घ्यावी. जे पाहिले तेवढेच लिहावे. ज्याच्यावर राग आहे त्याचे नाव रागापोटी घालू नये. चौकशीअंती मरण स्वाभाविक ठरले तर ते शांतपणे स्वीकारावे, कारण त्यामुळे निरपराध शेजाऱ्यावरचा संशयही फिटतो.

आणि एक विनंती देवस्थानांच्या मंडळींस. दुःखाच्या घरी आपण पिठले-भात पोचवितो, दहाव्याला घाटावर उभे राहतो. त्याच आपलेपणाने अशा घरातल्या माणसाबरोबर एकाने ठाण्यापर्यंत चालावे. एकट्या अर्जदारास उद्या यावयास सांगणे सोपे असते. बरोबर चार प्रतिष्ठित माणसे असली की वही उघडते. आमच्या गुरुजींनी यंदा मावशीचा महालय तिच्या तिथीसच करविला. तपास पुरा होऊन चतुर्दशी धरावी लागली, तर तीही धरू. मृताला तीळ-उदक देताना तो कसा गेला हे आपल्याला ठाऊक असावे, एवढा हक्क त्याचा आपल्यावर आहेच.