बॅटरी मेल्यानंतर

इन्व्हर्टरची बॅटरी बघायला येणारा माणूस आधी सहाही बुचं काढतो. हायड्रोमीटरची रबरी फुगी दाबून थोडं ॲसिड काचेच्या नळीत ओढतो, आतला फ्लोट डोळ्यांसमोर धरतो आणि म्हणतो, "ग्रॅव्हिटी ११५०. बसलीय." भरलेल्या बॅटरीत हा आकडा १२५०च्या आसपास किंवा वर असतो. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं, ॲसिड पातळ होतं आणि फ्लोट खाली जातो. गास्टाँ प्लँते या फ्रेंच माणसाने १८५९मध्ये हे जमवलं. मूळ रसायन अजून तेच आहे.

•

शिसं विषारी, तरीही शिशाची बॅटरी उकिरड्यावर दिसत नाही. दुकानदार नवीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो, म्हणून ती आपसूक परत जाते. शिसं वितळवून पुन्हा प्लेटा होतात. गोची आहे ती वितळवण्याच्या जागेत. वस्तीच्या कडेला चालणाऱ्या चोरट्या भट्टीची धूळ मुलांच्या रक्तात उतरते आणि मेंदूची वाढ खुंटवते. माल परत गेला हे चांगलं, पण कुणाकडे गेला हेही विचारायला हवं.

•

साधा पेन्सिल सेल उभा कापला तर मधोमध कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि बाहेर जस्ताचा डबा. हा डबा नुसतं वेष्टन नव्हे, तोच ऋण ध्रुव. वीज देता देता तो झिजतो, भोक पडतं आणि रिमोटच्या स्प्रिंगा गंजतात. लेक्लांशेच्या १८६६च्या घटाचाच हा वंशज. पूर्वी यात पाराही असायचा, आता बहुतेक सेलांतून तो गेला. पण याला भंगारात भाव नाही, म्हणून हा थेट घंटागाडीत.

•

निकेल-कॅडमियम: चार्ज करता येणारे जुने सेल. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडं पोखरतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने लोकांची हाडं इतकी ठिसूळ केली, की रोगाचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. घरगुती सेलांत त्याची जागा निकेल-मेटल हायड्राइडने घेतली. जिन्नस बदलून प्रश्न हलका झाल्याचं हे चांगलं उदाहरण.

•

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१मध्ये बाजारात आणला. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. सुरुवातीच्या सेलांत कोबाल्ट अनिवार्य होतं. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं. तिथे कोल्वेझीच्या आसपास माणसं हाताने बिळं खणून ते काढतात.

•

यावर एक तोड गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून नव्वदच्या दशकात निघाली: लिथियम आयर्न फॉस्फेट. कोबाल्ट नाही, निकेल नाही, पटकन पेटत नाही. त्याच वजनात वीज मात्र थोडी कमी मावते. स्कूटर, रिक्षा, घरचा इन्व्हर्टर यांना तेवढी पुरते.

•

पुढची पायरी सोडियमची. तो मिठातला, कुठल्याही किनाऱ्यावर मिळणारा. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतो, म्हणून त्या सेलात ऋण बाजूला तांब्याची पत्री लागते. सोडियमला दोन्हीकडे स्वस्त ॲल्युमिनियम चालतं. पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेच्या साथीने केलेलं सोडियम-आयनचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. सेल वजनाला जड पडतो. कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला त्याचं काय?

•

खरी मेख इथेच आहे. कोबाल्ट महाग, म्हणून ते परत काढणं परवडतं. लोह, फॉस्फेट, सोडियम स्वस्त, म्हणून मेलेल्या सेलाला गिऱ्हाईक मिळणं कठीण. जिन्नस जितका निरुपद्रवी, तितका तो उकिरड्यावर जायची शक्यता जास्त. भंगाराच्या भावाने शिसं परत आणलं, यांना आणायला कायदाच हवा.

•

तो २०२२मध्ये आला. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. फुली मारलेल्या कचरापेटीचा छाप सांगतो, की बॅटरी साध्या कचऱ्यात टाकायची नाही. आपल्या वाट्याचं काम छोटं आहे. मेलेल्या लिथियम सेलाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत शॉर्ट होऊन आग लागते. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू नका. आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे ती वेगळी द्या, ओल्या-सुक्यात नको.