विसरभोळा मॉनिटर

काही माणसे रात्री नीट समजावून सांगितलेली गोष्ट सकाळी साफ विसरतात. आमच्या प्रयोगशाळेतला कोपऱ्यातला मॉनिटर याच जातीचा. वार्षिकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांची मुद्रिते त्याच्यावरच तपासायची, म्हणून त्याच्याशी आमचा घरोबा. संध्याकाळी लिनक्सला विनवून पडदा १९२० बाय १०८० वर आणून ठेवावा, तर सकाळी स्वारी पुन्हा १०२४ बाय ७६८ वर! वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा पडदा आठ लाखांहून कमी ठिपक्यांत संसार करू लागला, की अक्षरे आडवी सुजतात, कडा धूसर होतात. ऱ्हस्व-दीर्घ ओळखता येत नाही. कन्नड जोडाक्षरांचे हाल तर विचारूच नका. "ह्याच्या कपाळावर 'नाळे बा' लिहिलंय बघ," असे कन्नड विभागाची संपादिका म्हणे. खोटे नव्हते ते. रोजचे दुखणे रोज उद्यावर.

शेवटी त्याच्या पाठीवर 'खराब' अशी चिठ्ठी लागली आणि भंगाराच्या यादीत नाव गेले. मला काही ते पटेना. ज्याला रोज संध्याकाळी १९२० झेपते, तो खराब कसा?

मॉनिटर आणि संगणक यांची गाठ पडली, की मॉनिटरने आधी आपली ओळख सांगायची असते. ही रीत १९९४ मध्ये ठरली. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ ओळखपत्र अवघे १२८ बाइटांचे. बनवणारा कोण, जन्मसाल कोणते, कोणते आकार झेपतात, एवढे त्यात असते. जुन्या व्हीजीए वायरीला १५ पिना. पहिल्या तिघी लाल, हिरवा, निळा रंग वाहून नेतात. ओळखपत्र जाते ते १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांतून. आमच्या वायरीची बारावी पिन मुळापासूनच मोडलेली! चित्र पोचत होते, ओळख पोचत नव्हती. अनोळखी पाहुण्याला लिनक्स बेताचेच पान वाढतो. त्यात त्याचे काय चुकले?

संध्याकाळी आम्ही द्यायचो ती 'एक्सरँडर' आज्ञा चालू सत्रापुरती असते. यंत्र बंद झाले की तीही गेली. म्हणून 'सीव्हीटी' या आज्ञेला १९२० आणि १०८० हे आकडे देऊन १७३ मेगाहर्ट्झची ओळ मिळवली आणि 'एक्सऑर्ग'च्या मांडणीच्या फोल्डरात फाइल करून तिच्यात लिहून ठेवली. (हा उपाय एक्सवर चालणाऱ्या यंत्रांचा, वेलँडचा कारभार निराळा.) दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा जागच्या जागी होता. संपादिकेने तीनदा यंत्र बंद-चालू करून खात्री करून घेतली. सीमाभागात कुणाच्या शब्दावर एकदम विश्वास ठेवायची पद्धत नाही!

पुढे शिपाईमामांनी जुन्या प्रोजेक्टरच्या खोक्यातून दुसरी वायर शोधून दिली. सगळ्या पिना शाबूत. ती लावली, माझी फाइल काढून टाकली आणि यंत्र सुरू केले. कुणी काही न सांगता पडदा १९२० वर उभा! सरांनी यादीतले नाव खोडले. त्याच दुपारी कन्नडची आठ पाने तपासून झाली, आणि मराठीच्या पहिल्याच पानावर 'दिन' आणि 'दीन' यांची अदलाबदल सापडली.